जिन्याच्या भिंतीला इझ्निकची नक्षी: कोणत्या फुलाचा अर्थ काय?

तुमच्या प्रश्नात मला दोन प्रश्न दिसतात. इस्तंबूलच्या मशिदींमधल्या, तुर्कस्तानातल्या इझ्निक गावात बनलेल्या टाइल्स बघून आलात, आता नाशिकच्या घरात जिन्यालगतच्या भिंतीवर तशाच नक्षीचं पॅनेल करून घ्यायचंय. तिथल्या दुकानदाराने यादी ऐकवली: ट्युलिप म्हणजे देव, सरू म्हणजे मृत्यू, तीन गोळे म्हणजे नजर उतरवणारे. त्यावर सासूबाई म्हणाल्या, थडग्यावरचं झाड घरात नको. म्हणून तुम्ही विचारताय की प्रत्येक नक्षीचा इतिहास आणि अर्थ काय, म्हणजे चुकीचं काही लागायला नको.

अर्थाचा प्रश्न झाला हा. दुसरा तुम्ही विचारलेला नाही, पण पॅनेल बिघडलं तर त्याच्यामुळे बिघडेल: कोणत्या काळातलं काय उचलायचं आणि कशाशेजारी काय ठेवायचं. माझ्या मते अर्थाची यादी शेवटी बघावी. आधी रंग बघावा, मग ती टाइल कुठे लागली होती ते बघावं.

मी सिरॅमिकचं काम करते. हात बसला जयपूरच्या ब्लू पॉटरीवर. पुढे तुर्कस्तानात कुताह्या गावातल्या एका कार्यशाळेत, दिवसभर ब्रश चालवणाऱ्या बायकांशेजारी बसून रेखाटन शिकले. तिथे कोणी कोणाला ‘या फुलाचा अर्थ काय’ असं विचारताना ऐकलं नाही. ‘देठ जड झाला’, ‘पान वळताना मोडलं’, ‘इथे रंग पातळ पडला’, बोलणं चालायचं ते असलं. आपल्याकडे पैठणीच्या पदरावर मोर असतो, काठाला कमळ किंवा आसावली असते. मोर म्हणजे सरस्वती, कमळ म्हणजे लक्ष्मी असं कोणी सांगितलं तर ते खोटं नाही, पण विणकराच्या मनात तेव्हा तारांचा हिशोब असतो आणि नेसणारीच्या मनात लग्न. तुर्की टाइलचंही असंच आहे. अर्थ आहेत, पण ते फुलाला कायमचे चिकटवलेले नाहीत.

आता इतिहास. तो मी रंगांच्या आणि मातीच्या अंगाने सांगते, कारण दुकानात टाइल हातात घेतल्यावर तुम्हाला तेवढंच दिसणार आहे.

गोष्ट सुरू होते अनातोलियातल्या सेल्जुक सुलतानांपासून, 13व्या शतकात. कोन्या शहरातल्या करताय मदरशात (1251) घुमटाचा आतला भाग फिरोजी, गडद निळ्या आणि काळ्या तुकड्यांनी मढवलेला आहे. या टाइल्स रंगवलेल्या नाहीत. एकेका रंगात भाजलेल्या फरशा छिन्नीने कापून, तुकडे जुळवून नक्षी केलेली आहे. सगळी भूमिती आणि तारे. पण त्याच काळात बेयशेहिर सरोवराकाठी सुलतान अलाउद्दीन कैकुबादने बांधलेल्या कुबादाबाद राजवाड्यातल्या टाइल्स बघा: आठ टोकांचा तारा, मध्ये क्रॉसच्या आकाराची टाइल, आणि ताऱ्यांमध्ये मांडी घालून बसलेली माणसं, दोन डोक्यांचा गरुड, स्त्रीमुखाचे पक्षी, मासे, शिकारी प्राणी. ‘इस्लामी कलेत सजीव काढत नाहीत’ हे सरसकट वाक्य इथेच गळून पडतं. मदरशात तारे, महालात माणसं. नक्षी ठरते ती जागेवरून, आणि हा नियम पुढची काही शतकं टिकतो.

नंतर उस्मानी (ऑटोमन) घराणं आलं. बुर्सामधली हिरवी मशीद आणि तिच्यासमोरचा हिरवा मकबरा ही 1420 च्या आसपासची कामं. तिथल्या मिहराबावर, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावर, कारागिरांनी स्वतःची ओळख लिहून ठेवली आहे: ‘तब्रीझच्या उस्तादांचं काम’. म्हणजे हात इराणी. ही तऱ्हा वेगळी आहे. रंगांच्या मध्ये मँगेनीज आणि तेलकट पदार्थाची बारीक रेघ ओढायची, म्हणजे भट्टीत रंग एकमेकांत वाहत नाहीत. तेल जळून जातं, काळसर रेघ उरते. यामुळे एकाच टाइलवर पिवळा, हिरवा, निळा, पांढरा शेजारी शेजारी बसू लागले आणि त्यासाठी छिन्नीची गरज उरली नाही.

इथे एक खरा धागा आपल्या बाजूला येतो. इस्तंबूलचा चिनिली कोश्क, म्हणजे टाइलचा महाल, 1472 चा. बीदरला महमूद गवानचा मदरसा त्याच सुमाराला, 1471-72 मध्ये उभा राहिला. बहमनी राज्याचा हा वजीर इराणातल्या गिलानचा. दोन्ही इमारतींच्या दर्शनी भिंतींवर रंगीत टाइल्स, दोन्हींमागे इराण-खुरासानची परंपरा. बीदरच्या मनोऱ्यावर आज जे तुकडे उरलेत ते बघायला तुम्हाला विमानाची गरज नाही. दौलताबादच्या किल्ल्यातल्या चिनी महालाच्या भिंतीवरही निळ्या टाइल्सचे अवशेष आहेत. पण या इराणी वळणाच्या टाइल्स आहेत, इझ्निकच्या नाहीत. तुम्ही इस्तंबूलला जे बघून आलात ती शाखा यानंतर वेगळी झाली.

इझ्निक हे तळ्याकाठचं लहानसं गाव. जुनं नाव निकाया, ख्रिस्ती धर्मपरिषद भरली (325) तेच. 15व्या शतकाच्या अखेरीला इथल्या कुंभारांनी लाल मातीच्या साध्या भांड्यांवरून एकदम उडी मारली आणि पांढरीशुभ्र भांडी काढायला लागले. ती चिनी मातीची वाटतात, पण नाहीत. चिनी माती म्हणजे केओलिन, आणि तिला 1,300 अंशांच्या आसपास आच लागते. इझ्निकचा गोळा मुख्यतः गारगोटीच्या पुडीचा. तिला बांधायला थोडी काचेची पूड आणि थोडी पांढरी माती. आच 900 अंशांच्या आसपास. जयपूरच्या ब्लू पॉटरीचाही गोळा जवळपास असाच असतो: गारगोटी, काच, मुलतानी माती आणि कतिरा डिंक. हा गोळा चाकावर चालवायला अतिशय वाईट. मऊ मातीसारखा ताणला जात नाही, तुटतो. पण त्याचा एक गुण असा की सगळे दोष माफ. भट्टीतून निघून थंड होताना तो काचेच्या थराइतकाच आकसतो, म्हणून वरच्या ग्लेझला भेगांचं जाळं पडत नाही. साध्या मातीच्या टाइलवर हेच ग्लेझ लावा, काही दिवसांत केसाएवढ्या भेगा दिसतील. तुर्की टाइलचं ते ओलं वाटणारं, खोल पांढरेपण गारगोटीतून येतं. रंगवणारा कितीही चांगला असला तरी खालचा गोळा चुकला तर ते येत नाही.

पहिल्या टप्प्यात फक्त निळा आणि पांढरा. सुलतानांच्या तोपकापी राजवाड्यात चिनी पोर्सिलेनचा साठा होता (आज तिथल्या संग्रहात दहा हजारांहून अधिक नग आहेत) आणि इझ्निकच्या ताटांची स्पर्धा त्याच्याशी होती. द्राक्षांच्या घडाची ताटं आठवत असतील. मूळ नक्षी 15व्या शतकातल्या मिंग काळच्या ताटावरची. तीन घड, वेलीची वळणं, कडेला खडकावर आपटणाऱ्या लाटा, सगळं जसंच्या तसं उचललं. लाटा कशाच्या हे इझ्निकच्या माणसाला कळलं नसावं किंवा फिकीर नसावी. काही दशकांत त्या लाटांची शंखासारखी गोल वेटोळी झाली. आता विचार करा, या द्राक्षांचा अर्थ काय लावायचा? मद्य? स्वर्गातली बाग? त्या ताटाच्या गिऱ्हाइकाला ते घड ‘चिनी’ दिसत होते, आणि चिनी म्हणजे उंची माल.

पुढच्या वीसेक वर्षांत रंग वाढले. आधी फिरोजी. तो तांब्यापासून मिळतो, पण ग्लेझमध्ये सोडा-क्षार जास्त असेल तरच. शिसं जास्त झालं की तेच तांबं हिरवं होतं. मग मँगेनीजचा जांभळा आणि एक राखाडी-हिरवा आला. 1540-1555 च्या या कामाला युरोपीय संग्राहकांनी ‘दमास्कस’ नाव ठेवलं, त्याआधीच्या बारीक वेटोळ्यांच्या कामाला ‘गोल्डन हॉर्न’, आणि नंतरच्या लाल रंगाच्या मालाला ‘ऱ्होड्स’, कारण पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयाने पाचशेहून अधिक नग ऱ्होड्स बेटावरून विकत घेतले होते. तिन्ही नावं चुकीची. माल इझ्निकचाच. जेरुसलेमच्या डोम ऑफ द रॉकमधला एक दिवा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर मुस्ली नावाच्या कारागिराची सही आहे, साल 1549 आहे आणि इझ्निकच्या एशरेफझादे या संताचा उल्लेख आहे. बाकीच्या मालाची काळवेळ लावायला अभ्यासकांना हा दिवा मोठा आधार झाला.

आणि मग लाल. याच्यावर मी थोडी रेंगाळणार.

सुलेमानिये मशीद 1557 ला पूर्ण झाली. तिच्या किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, भिंतीवर टाइल्समध्ये पहिल्यांदा तो टोमॅटोसारखा लाल दिसतो. त्यानंतर तीन-चार वर्षांतच वास्तुकार सिनानने बांधायला घेतलेल्या रुस्तम पाशाच्या मशिदीत, मसाला बाजाराजवळ दुकानांच्या वर चढवलेल्या त्या लहानशा इमारतीत, टाइल्सचा नुसता पूर आहे. तुम्ही गेला असाल तर खांबांना बिलगून लावलेल्या टाइल्स आठवा. नसाल गेलात तर पुढच्या वेळी जा, आणि लाल फुलाकडे समोरून न बघता बाजूने, उजेड तिरपा येईल असं बघा. लाल भाग पांढऱ्यापेक्षा वर उचललेला दिसतो, चक्क उंचवटा. निळा, फिरोजी, हिरवा हे ग्लेझमध्ये विरघळून बसतात, सपाट असतात. लाल विरघळत नाही. तो रंग म्हणजे लोहयुक्त माती, गारगोटीच्या बारीक पुडीसह घट्ट लावलेली. आपला गेरू त्याच जातीचा. पण नुसता गेरू पातळ करून ग्लेझखाली लावलात तर लोह काचेत विरघळतं आणि पिवळट तपकिरी डाग मिळतो. ब्लू पॉटरीवाल्यांनी लाल मागितला की तोंड वाकडं का करतात, ते यामुळे. थर जाड हवा, पण इतका जाड नको की ग्लेझ त्याच्यावरून सरकून जाईल. इझ्निकच्या लोकांनी हे जमवलं आणि साधारण 60-70 वर्षं सांभाळलं.

काळ्या बाह्यरेषा, पाचूसारखा हिरवा, कोबाल्टचा निळा, फिरोजी, लाल आणि मागे पांढरं: 1560 ते 1600 चा हा संच. कादिर्गामधली सोकुल्लू मेहमेद पाशाची मशीद (1571-72), एदिर्नेची सेलिमिये मशीद, आया सोफियाच्या अंगणातला दुसऱ्या सेलीमचा मकबरा, ही सगळी याच संचातली. त्या मकबऱ्याच्या दाराबाहेर दोन बाजूंना दोन पॅनेल आहेत. डावीकडचं मूळ पॅनेल 19व्या शतकाच्या अखेरीला दुरुस्तीच्या नावाखाली उतरवून पॅरिसला गेलं. ते लूव्रमध्ये आहे, आणि भिंतीवर फ्रान्सची नक्कल आहे. दोन्हींमध्ये उभं राहून मान फिरवली की खऱ्या लालातला आणि साध्या लालातला फरक कळतो. वाचून तो इतका कळणार नाही.

तर रंगांची ही उतरंड ध्यानात ठेवा: कापलेले फिरोजी तुकडे असतील तर सेल्जुक वळण, काळसर रेघेने वेगळे केलेले पिवळे-हिरवे म्हणजे सुरुवातीचं उस्मानी, निळं-पांढरं म्हणजे 1480 पासून पुढे, त्यात फिरोजी आणि जांभळा आला की 16व्या शतकाचा मध्य, उठावदार लाल आला की 1557 नंतर. लाल तपकिरी पडलाय, हिरवा रेघेबाहेर ओघळलाय, पांढरं मळकट झालंय, तर 17वं शतक.

आता नक्षीकडे येऊ. आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण दुकानदार ती सांगत नाहीत. ही नक्षी कुंभारांनी काढलेली नव्हती. इस्तंबूलच्या दरबारात चित्रकारांचा कारखाना होता, नक्काशखाना. तिथे कागदावर आराखडे व्हायचे. तेच आराखडे गालिच्याला, रेशमी काफ्तानला (लांब अंगरखा), पुस्तकाच्या पानाला आणि टाइललाही जायचे. कागदाला सुईने भोकं पाडायची, टाइलवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची. ठिपके उमटतात, त्यांच्यावरून ब्रशने बाह्यरेषा ओढायची. कुताह्यात आजही असंच करतात. ब्रश लांब केसांचा, टोक दोन-तीन केसांचं. रेघ ओढताना हात नव्हे, टाइल फिरवतात. म्हणून एकच ट्युलिप शेकडो टाइल्सवर सारखा येतो. आणि म्हणूनच तो काफ्तानवरही भेटतो, जिथे त्याला धार्मिक अर्थ देणं ओढाताणीचं होतं.

नक्काशखान्यातली दोन माणसं तुमच्या पॅनेलच्या दृष्टीने महत्त्वाची. शाहकुलू, तब्रीझहून आलेला. याची पद्धत ‘साझ’: लांब, दातेरी, तलवारीसारखी वळलेली पानं, त्यांच्यात घुसलेली कमळासारखी मोठी काल्पनिक फुलं. तोपकापीच्या सुंता-दालनाबाहेर सव्वा मीटरच्या आसपास उंचीचे निळे-फिरोजी पॅनेल आहेत. पानांच्या जंगलात चिनी धाटणीचे प्राणी आणि पक्षी. भीती वाटावी इतकं जिवंत काम आहे ते. पुन्हा तोच नियम बघा, राजवाडा आहे म्हणून प्राणी चालले.

दुसरा कारा मेमी, शाहकुलूचा शिष्य. याने उलटं केलं. काल्पनिक फुलं बाजूला सारून बागेतली ओळखू येणारी फुलं आणली: ट्युलिप, कार्नेशन, गुलाब, हायसिंथ. सुलतान सुलेमानच्या काव्यसंग्रहाच्या 1566 च्या प्रतीला त्याचीच सजावट आहे. आज जी ‘तुर्की फुलं’ म्हणून फ्रिजच्या मॅग्नेटवर विकली जातात ती या एका माणसाच्या वळणाची.

ट्युलिपबद्दल दुकानदाराने सांगितलं त्याला आधार आहे. अरबी लिपीत ‘लाले’ आणि ‘अल्लाह’ यांची अक्षरं तीच, आणि अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज दोन्हींची 66. ‘हिलाल’, म्हणजे चंद्रकोर, तिचीही 66. सूफी मंडळींना हे प्रिय होतं. पण जेवणाच्या ताटात तळाशी ट्युलिप रंगवून त्यावर पुलाव वाढणाऱ्याला आपण देवावर भात वाढतोय असं नक्कीच वाटत नव्हतं. मकबऱ्यात अर्थ जागा होतो, ताटात झोपलेला असतो. आणखी एक गंमत: गाइड लोक ज्या ‘ट्युलिप युगा’चं नाव घेतात ते 1718 ते 1730 चं. इझ्निकची चांगली भट्टी त्याच्या शंभर वर्षं आधीच थंडावली होती. फुलाची हौस टोकाला गेली तेव्हा ते रंगवणारा हात गेला होता.

गुलाब पैगंबरांशी जोडला जातो. हायसिंथ उस्मानी कवितेत प्रेयसीच्या कुरळ्या केसांना लावतात. कार्नेशनचं पंख्यासारखं डोकं मात्र मला वाटतं मुख्यतः आकारासाठी आवडलं असावं. रिकामी जागा भरायला त्याच्याइतकं सोयीचं फूल नाही.

आता सासूबाईंचा सरू. हा सायप्रस, कोकण किनाऱ्यावरचं सुरू नव्हे. तुर्की कबरस्तानांत तो असतो, खरंय. सदाहरित, सरळ वर जाणारा, म्हणून अखंडतेची खूण. पण तोच सरू फारसी-तुर्की कवितेत प्रियकर-प्रेयसीच्या सडपातळ, उंच बांध्याला लावतात. आणि तोच तोपकापीच्या जनानखान्याच्या भिंतींवर, फुललेल्या डहाळीने लपेटलेला आहे. राहत्या घरातच. त्यांना हे सांगून बघा. तरीही मन मानत नसेल तर फुललेली डहाळी घ्या आणि सरू सोडा, पॅनेलचं काही बिघडत नाही. घरातल्या माणसाला रोज जिना चढताना खटकेल असं काही लावू नये, एवढं शास्त्र मला पुरतं.

तीन गोळे आणि त्यांच्याखाली दोन लाटा. कलेचे अभ्यासक याला ‘चिंतामणी’ म्हणतात आणि बौद्ध रत्नाशी नातं लावतात, म्हणजे आपलाच शब्द फिरून आला. पण थेऊरच्या गणपतीपर्यंत जाऊ नका. तैमूरचं चिन्ह तीन वर्तुळांचं होतं असं 1404 ला समरकंदला गेलेला स्पॅनिश राजदूत क्लाविहो लिहितो. उस्मानी दरबारात ठिपके म्हणजे बिबट्याच्या कातड्यावरचे आणि लाटा म्हणजे वाघाचे पट्टे असंही वाचलं जायचं, आणि ही नक्षी सुलतानांच्या काफ्तानवर ठळक असायची. सगळ्या अर्थांचा रोख एकाच बाजूला आहे: ताकद, सत्ता. नजरेशी तिचा संबंध नंतरच्या बाजाराने जोडला. नजरेचा निळा डोळा हा काचेच्या मण्यांचा धंदा आहे, त्याला 16व्या शतकातल्या टाइलवर शोधत बसू नका.

डाळिंब, फुलदाणी, मशिदीतला टांगता दिवा, ढगांच्या चिनी पट्ट्या, हेही खूप भेटेल. जहाजांची ताटं गोड दिसतात, पण ती ताटांसाठीच होती, भिंतीवर आणू नका. एका बाबतीत मात्र मी कडक आहे. अरबी अक्षरांचे पट्टे सजावट म्हणून उचलू नका. जुन्या टाइल्सवर ती बहुधा कुराणातली वचनं असतात. तुमची भिंत जिन्यालगत आहे, म्हणजे वरच्या पायऱ्यांवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय त्या उंचीला येतील. वाचता येत नाही म्हणून ती नक्षी होत नाही.

उतरण कशी लागली हे थोडक्यात. दरबार भाव ठरवून द्यायचा, बाजारात महागाई वाढत होती, आणि दरबारी कामापेक्षा बाहेर विकलेला माल परवडायचा. सुलतान अहमदच्या मशिदीला (1616) 20 हजारांहून अधिक टाइल्स लागल्या. त्यातल्या वरच्या सज्जातल्या चांगल्या आहेत, पण ताण दिसतो. प्रवासी एव्लिया चेलेबी 17व्या शतकाच्या मध्याला इझ्निकला गेला तेव्हा पूर्वीच्या तीनशे कार्यशाळांपैकी नऊ उरल्या होत्या, असं तो लिहितो. त्याचे आकडे नेहमीच फुगलेले असतात, पण दिशा खरी आहे. 1720 च्या दशकात इस्तंबूलच्या तेकफुर महालात सरकारी कारखाना काढून पाहिला, फार टिकला नाही.

कुताह्या मात्र टिकलं, मुख्यतः तिथल्या आर्मेनियन कुंभारांमुळे. कॉफीचे कप, लिंबू पिळायची भांडी, चर्चसाठी चित्रांच्या टाइल्स. 1919 च्या सुमारास त्यांच्यातलाच दाविद ओहानेस्सियान डोम ऑफ द रॉकच्या टाइल्सच्या दुरुस्तीसाठी जेरुसलेमला गेला आणि तिथे आर्मेनियन सिरॅमिकची शाखाच रुजली. इझ्निकच्या गारगोटीच्या गोळ्याचा शोध 1990 च्या दशकात तिथल्याच एका प्रतिष्ठानाने पुन्हा गांभीर्याने घेतला. 2016 मध्ये हे टाइलकाम युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं. तुम्ही बाजारात पाहिलात तो बहुतेक माल कुताह्याचा, साध्या पांढऱ्या मातीवरचा. त्यात फसवणूक काही नाही, फक्त ‘इझ्निक’ म्हणून इझ्निकचा भाव घेतला तर आहे.

आता तुमची भिंत. काय करावं हे तिच्या आकारावर, उजेडावर आणि खिशावर आहे, त्यामुळे हे माझं मत समजा.

एकच काळ धरा. निळं-पांढरं-फिरोजी साझ पानांचं पॅनेल, किंवा लाल-हिरव्यासह कारा मेमीची बाग. दोन्ही एका भिंतीवर नकोत. मला विचाराल तर पहिलं. लाल आपल्याकडे नीट जमवणारे हात मोजके आहेत, आणि अर्धवट जमलेला लाल सगळं पॅनेल खाली ओढतो. निळा-फिरोजी जयपूरचे कारागीर डोळे मिटून देतील, गोळाही त्यांचा सख्खा आहे. आराखडा मात्र त्यांच्यावर सोडू नका, नाहीतर साझच्या पानांच्या जागी जयपुरी बुट्टे येतील. पूर्ण मापाचा कागद आधी भिंतीला चिकटवा, आठवडाभर जिना चढा-उतरा, मग ऑर्डर द्या. दुकानात ‘मोरोक्कन’ म्हणून जे दाखवतील ते कापलेल्या तुकड्यांचं भौमितिक काम, त्याचा याच्याशी संबंध नाही. मोरबीच्या छापील टाइल्स स्वस्त आणि टणक आहेत. लांबून चालतात, पण जिन्यात माणूस हातभर अंतरावरून जातो आणि तेवढ्या अंतरावर छपाई उघडी पडते.

भिंतीला ओल आहे का, हे सगळ्यात आधी तपासा. गारगोटीची टाइल मागून पाणी शोषते, आणि लोणा फुटणारी भिंत असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत कडांपासून ग्लेझ उचलायला लागेल. बाथरूमची पाइपलाइन त्याच भिंतीतून जात असेल तर भिंत बदला. फरशीला किंवा पायरीच्या उभ्या भागालाही ही टाइल लावू नका, ठोकर लागली की कडा उडतात. ग्लेझमध्ये शिसं आहे का ते कारागिराला विचारा. भिंतीवर फारसं अडत नाही, पण त्याच नक्षीच्या वाट्या-ताटल्या करून घ्यायचा मोह झाला तर शिसं नसलेलंच ग्लेझ हवं. आणि लाल हवाच असा हट्ट असेल, तर आधी एकच टाइल भाजून मागवा. खिडकीच्या उजेडात आडवी धरा. लाल भागावर बोट फिरवल्यावर उंचवटा लागला आणि ग्लेझ त्याच्यावर अखंड असलं तरच पुढचं काम द्या. भिंतीचं माप आणि कोणत्या बाजूने ऊन येतं ते कळवलंत तर पानांचा आकार किती ठेवावा ते सांगते.